पोचा आणि टवका

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही घरी बसून एक लहानसे काम केले. आजोबांच्या वेळची एक दुनळी बंदूक आमच्याकडे आहे. तिच्या लाकडी दस्त्यावर, ज्याला आमच्या भागात कुंदा म्हणतात, पडलेले पोचे आम्ही वाफेने उठवले. काम आठवडाभराचे आणि खर्च दोनशे रुपयांच्या आतला. निवृत्त माणसाच्या रिकाम्या वेळेचा उद्योग, एवढेच त्याचे स्वरूप होते. परंतु त्या उद्योगाच्या शेवटी आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. वस्तूवर उमटलेली खूण नाहीशी करणे म्हणजेच तिची दुरुस्ती करणे काय? आणि ती खूण दुसऱ्या कोणाच्या दुःखाची असेल, तर ती नाहीशी करण्याचा अधिकार वस्तूच्या मालकास असतो काय? प्रश्न लाकडाच्या निमित्ताने निघाला असला तरी तो लाकडापुरता नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम बंदुकीविषयी. आमचे मूळ गाव बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, वारासिवनीच्या बाजूला. आजोबा तेथले मालगुजार. बंदूक त्यांनी घेतली ती त्या काळच्या मालगुजारी इतमामाचा एक भाग म्हणून, आणि काही अंशी रानडुकरांपासून धानाचे पीक राखण्यासाठी. १९५१ साली मालगुजारी गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आमची राजधानी उरली नाही आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी राहिली आणि बंदूकही राहिली. जिल्ह्याच्या वरच्या अंगाला कान्हाचे जंगल आहे. तेथे स्वातंत्र्याच्या आगेमागे एका संस्थानी घराण्यातील शिकाऱ्याने विशेष परवान्यावर तीस वाघ मारल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यावरून बरीच ओरड झाली आणि १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि आमच्यासारख्या घरांतील बंदुका भिंतीवरून उतरून कपाटात गेल्या.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही मलाजखंडला मुलाकडे राहतो. बालाघाटहून बैहरचा घाट चढून आले म्हणजे तांब्याच्या खाणीचे हे गाव लागते. बंदुकीचा परवाना वडिलांच्या पश्चात आमच्या नावे झाला होता. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली म्हणजे वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ती वेळ आता फार दूर नाही. मुलास बंदूक हवी की ती शासनजमा करावी, याविषयी घरात बोलणे निघाले. मुलाने अद्याप काही ठरवलेले नाही. पण द्यायची झाली तर वस्तू नीट करून द्यावी, या विचाराने आम्ही दस्ता दुरुस्तीस घेतला.

आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यामुळे एक गोष्ट आधी डोळ्यांपुढे आली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती हेदेखील परवान्याचे काम आहे. तेव्हा आम्ही परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर गेलो. त्याने नळ्या आणि चापाची यंत्रणा काढून आपल्याकडे ठेवली व नुसते लाकूड आमच्या हाती दिले. घरी आले ते अक्रोडाचे एक जुने, काळवंडलेले लाकूड. त्यावर तीन ठळक पोचे होते. पहिला, आजोबा मचाणावरून उतरताना बंदूक निसटून पडली तेव्हाचा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुसरा अलीकडचा, निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि तेथे त्या एकमेकींवर रचल्या जातात, त्या गर्दीतला. तिसरा दस्त्याच्या टाचेजवळ होता. तो सर्वांत मोठा, अंगठा बसेल एवढा. त्याच्याविषयी घरात इतकेच सांगत की तो वडिलांच्या हातून दाराच्या चौकटीवर आपटल्याचा आहे.

पोचा उठवण्याची रीत सोपी आहे, पण घाई करणाऱ्यास ती साधत नाही. आधी जुने मेण, तेल आणि रोगण टर्पेंटाईनने पुसून काढावे लागते, कारण त्या थरातून पाणी आत शिरत नाही. मग सुती फडक्याची ओली घडी पोच्यावर ठेवायची आणि तिच्यावर तापलेल्या इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवायचे. वाफ चर्र असा आवाज करीत लाकडात जाते. फडके वाळण्याच्या आत इस्त्री उचलायची, नाहीतर लाकूड करपते. पुन्हा भिजवायचे, पुन्हा टेकवायचे. पहिल्या दोन-तीन खेपांत काहीच घडत नाही आणि आपण वेळ दवडीत आहोत असे वाटू लागते. चौथ्या-पाचव्या खेपेस बोट फिरवले तर खळगा उथळ झालेला असतो. मग एक दिवस लाकूड सावलीत सुकू द्यायचे. वाफेने उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने हलकेच बसवायचे. फार घासले तर लाकूड धातूच्या पट्टीपेक्षा खाली जाते आणि ती चूक सुधारता येत नाही. शेवटी उकळलेले जवसाचे तेल तळहाताने चोळायचे. थर पातळ द्यायचा आणि दोन थरांच्या मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती उलगडून बाहेर वाळत घालावीत.

हे घडते कसे, तेही समजून घेण्याजोगे आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. मार बसला की त्या नळ्या चेपतात, पण त्यांच्या भिंती जागच्या जागी असतात. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्या भिंती मऊ होतात, फुगतात आणि आपल्या मूळ आकाराकडे परत जातात. म्हणजे पोच्यात लाकूड कमी झालेले नसते, ते दबलेले असते. टवका उडाला तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे तंतू तुटलेले असतात आणि लाकडाचा तेवढा अंश गेलेला असतो. कितीही वाफ द्या, गेलेले परत येत नाही. तेथे दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवावा लागतो आणि तो कितीही बेमालूम बसवला तरी उपराच राहतो. सुताराला हा भेद पहिल्या दिवशी कळतो. आम्हांला तो साठी उलटल्यावर कळला.

एकदा कळल्यावर मात्र तो जिकडेतिकडे दिसू लागला. आमच्या घरापासून जवळच हिंदुस्तान कॉपरची खाण आहे. १९८२ साली तिचे काम सुरू झाले आणि उघड्या खाणीने डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा झाला. आता काम जमिनीखालच्या बोगद्यांकडे वळले आहे. शंभर किलो खडकातून जेमतेम किलोभर तांबे निघते, उरलेल्याचे ढीग शेजारीच उभे असतात. हा टवका आहे. गेलेला अंश डोळ्यांसमोर पडलेला आहे, पण तो परत बसत नाही. नांगराने धरतीमातेची छाती फाडू नये असे याच डोंगरांतील बैगा मानीत, आणि लोक त्यांच्या त्या समजुतीला हसत. तांबे आम्हां सर्वांना लागते, आमच्या मुलाची भाकरीही त्यावरच आहे. तेव्हा खाणीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण टवक्याला पोचा म्हणू नये, एवढे खरे.

पलीकडे कान्हात याच्या उलट घडले. टणक जमिनीवर राहणारा बारशिंगा १९७० साली तेथे अवघा ६६ उरला होता. कुरणे राखली, काही वनग्रामे हलवली, काही जनावरे कुंपणात वाढवली. आज ती संख्या हजाराच्या घरात आहे. तो वंश दबलेला होता, तुटलेला नव्हता. चित्त्याचे तसे झाले नाही. भारतातील शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते कोरिया संस्थानाच्या महाराजांनी १९४७ साली मारले असे मानले जाते आणि १९५२ मध्ये तो प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली आमच्याच राज्यात, कुनोच्या जंगलात, आफ्रिकेतून चित्ते आणून सोडले. ही दुसऱ्या लाकडाची जोड आहे. जोड वाईट असते असे नाही, पण जोड देताना ती जोड आहे हे ठाऊक असावे.

इथपर्यंत आमचे चिंतन सुखाचे होते. दस्त्यावरील तिन्ही पोचे उठले होते. तिसरा जुना आणि खोल असल्याने त्याने दोन दिवस घेतले, पण अखेर तोही सपाट झाला. तेलाने लाकडाची रेघ उजळून निघाली. पौष लागताना गोंदियाहून आमच्या आत्याबाई चार दिवस राहावयास आल्या. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. वडिलांच्या पिढीतील तेवढ्याच उरल्या आहेत. आम्ही मोठ्या हौसेने दस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी टाचेजवळ बोटे फिरवली, पुन्हा फिरवली, आणि विचारले, “अरे बाळ, इथला पोचा कुठे गेला?” आम्ही इस्त्रीची सारी हकिकत सांगितली. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो चौकटीचा नव्हता रे. म्हणजे चौकटीवर लागली खरी. पण आधी माणसाला लागली.”

हकिकत अशी. १९६६ चे वर्ष टंचाईचे होते. आमच्या घरच्या कोठीतून तांदळाचे एक पोते कमी भरले. संशय सालगड्यावर आला. तो गोंड समाजाचा, आमच्याकडे बारा वर्षे राबलेला. वडिलांनी त्यास ओसरीवर बोलावले. तो नाही म्हणाला. वडिलांच्या हातात बंदूक होती. त्यांनी ती उलटी धरून त्याच्या उजव्या खांद्यावर मारली. दुसरा घाव तो बाजूला सरल्याने दगडी चौकटीवर बसला, तोच पोचा. खांद्याचे हाड मोडले होते. तो रात्रीच बायकामुलांसह गाव सोडून गेला. पुढे आठ-दहा दिवसांनी कळले की पोते आमच्याच काकांनी एका नातलगाच्या घरी लग्नासाठी पाठवले होते आणि सांगावयाचे राहून गेले होते. वडिलांना ते कळले. त्यांनी कोणास काही सांगितले नाही. गावात तो चोर होता तो चोरच राहिला. आत्याबाई म्हणाल्या, “दादा पुढे कधी बंदुकीला हात लावत नसे. पुसायलासुद्धा दुसऱ्याला सांगायचा.”

आम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे होतो. त्या रात्रीचे आम्हांला काही आठवत नाही. आठवतात ते वडील, पहाटे उठून विष्णुसहस्रनाम म्हणणारे, आणि गावातील कोणी आजारी पडले तर स्वतःची बैलगाडी जुंपून त्यास बालाघाटास नेणारे. दोन्ही वडील खरे आहेत. आणि त्या दोघांना जोडणारी एकच वस्तू जगात उरली होती, ती आम्ही इस्त्री फिरवून सपाट केली.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की लाकडाचे एवढे काय? पोचा ठेवला असता तर त्या माणसाचा खांदा बरा झाला असता काय? झाला नसता. शिवाय इतकी वर्षे पोचा होता तेव्हा तरी त्याने कोणाचे काय भले केले? तो तर आमच्या घरात एक खोटी गोष्टच सांगत होता. हे सर्व आम्ही स्वतःशी बोलून पाहिले आणि त्यात तथ्य आहे. पण मन त्याने निवत नाही, कारण आम्ही नोकरीत तीस-बत्तीस वर्षे नेमका याच्या उलट धडा गिरवला. महसुली दफ्तरात नोंद चुकली तर ती खोडरबराने किंवा पांढऱ्या रंगाने पुसता येत नाही. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची, ती अशी की खालची अक्षरे वाचता यावीत. वर दुरुस्त नोंद लिहायची, बाजूस सही आणि तारीख. नव्या पटवाऱ्यांना आम्ही सांगत असू की चूक ही लाज नाही, खाडाखोड ही लाज आहे. पुसलेल्या कागदावरून कोणास काही विचारता येत नाही, रेघ मारलेल्या कागदावरून येते. आणि घरी आम्ही तेच केले, जे दफ्तरात केले असते तर आम्हीच नोटीस काढली असती.

मग दुसरी शंका. मुलाने वडिलांचा दोष उघड करावा काय? हा प्रश्न जुना आहे. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक सरदार अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस उत्तर देतो की आमच्याकडे सरळपणा निराळा असतो; तेथे बाप मुलाचे झाकतो आणि मूल बापाचे झाकते. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. युथिफ्रोच्या वडिलांनी शेतावरील एका मजुरास बांधून खड्ड्यात टाकले आणि तो मेला. मुलगा वडिलांवर फिर्याद घेऊन निघाला आहे आणि सारे नातलग त्याच्यावर रागावले आहेत. सॉक्रेटिस त्यास धर्म म्हणजे काय ते विचारीत राहतो आणि संवाद उत्तराविना संपतो. दोन्हीकडे थोर माणसे आहेत, तेव्हा आम्ही कोणाची बाजू घ्यावी? पण दोन्ही पुन्हा वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकली. पहिल्या गोष्टीत मेंढी कोणाची होती याची चौकशी कोणी करीत नाही. दुसरीत मेलेल्या मजुराचे नाव कोठेही येत नाही. चर्चा सारी मुलाच्या धर्माची आहे. ज्याचे गेले तो चर्चेच्या बाहेर उभा आहे.

आमच्या स्मृतिकारांनी तरी ही वाट थोडी उघडी ठेवली होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप फिटण्याची साधने सांगताना पहिले साधन येते ते ख्यापन, म्हणजे केलेले बोलून दाखवणे. पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान त्याच्या मागून येतात. वडिलांनी पश्चात्ताप केला असावा. बंदुकीस हात न लावणे हे एक तपच होते. दान तर त्यांनी पुष्कळ केले. पण पहिली पायरी राहिली होती. आणि ती राहिल्याने बाकी सारे कोणाच्या खाती जमा झाले, हे सांगता येत नाही.

त्या सालगड्याचे पुढे काय झाले, याचा शोध घेणे अवघड गेले नाही. आत्याबाईंना एवढे ठाऊक होते की ते लोक घाटावर गेले. खाण सुरू झाली तेव्हा खालच्या खोऱ्यातील अनेक माणसे मजुरीस वर आली. आम्ही राहतो तेथून सात-आठ कोसांवरच्या एका टोल्यावर त्याचा मुलगा राहतो, असे चौकशीअंती कळले. वयाने तो आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. आयुष्यभर ठेकेदाराकडे मजुरी केलेला. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात मोहाची झाडलेली पाने गोळा करीत होता. आम्ही गावाचे आणि वडिलांचे नाव सांगितले. त्याने खाट टाकली, पाणी दिले आणि स्वतः उंबरठ्यावर बसला. बोलणे हिंदीत आणि त्या बाजूच्या मिश्र बोलीत झाले. ते येथे मराठीत देतो.

आम्ही सर्व सांगितले. पोते सापडल्याचे त्यास ठाऊक नव्हते. ते ऐकून तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. पोचा पुसल्याचे सांगून आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्यास ती गोष्ट नीट समजलीच नाही. दोनदा सांगितल्यावर तो म्हणाला, “लाकडाचं काय साहेब. नीट झालं तर चांगलंच झालं.” मग तो म्हणाला, “बाप मरेपर्यंत हात डोक्यापर्यंत नेऊ शकत नव्हता. पण हाताचं तो बोलत नसे. तो एवढंच म्हणायचा की गावात कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. तिथं माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं ना, चोराच्या घरची म्हणून.” काही वेळाने त्याने विचारले, “तुम्ही सांगाल तिथं?”

आम्ही लगेच हो म्हटले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. गावात आमचे चुलतभाऊ आहेत. वडिलांच्या नावे शाळेत एक कपाट दिलेले आहे. पोते ज्या काकांनी पाठवले त्यांची सून अजून हयात आहे. उंबरठ्यावरचा माणूस उत्तराची वाट पाहत होता आणि आम्ही मनात नातलगांची यादी करीत होतो. अधिकारी असताना लोकांना आम्ही पुष्कळ वाट पाहावयास लावली, त्याची तेव्हा आठवण झाली. अखेर हो म्हटले.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत, ध्वजवंदनानंतर, सरपंचांच्या अनुमतीने आम्ही उभे राहिलो. भाषण लिहून नेले होते, ते खिशातच राहिले. चार-पाच वाक्यांत सांगितले: अमुक वर्षी, अमुक माणसास, आमच्या वडिलांनी मारले, तो चोर नव्हता, पोते आमच्याच घरच्यांनी हलवले होते, हे कळूनही आमच्या घरच्यांनी सांगितले नाही. त्याचे संपूर्ण नाव घेतले. सभेत तरुणच जास्त होते. त्यांना काय चालले आहे ते कळेना. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली. एक म्हणाला, “आम्हाला तेव्हाच वाटलं होतं.” वाटले होते तर बोलला का नाहीत, असे विचारण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. एक चुलतभाऊ उठून गेले आणि त्यांनी आमच्याशी अद्याप बोलणे धरलेले नाही.

सालगड्याचा मुलगा नातवास घेऊन आला होता आणि अगदी मागे बसला होता. बुंदीची पुडी हातात घेऊन तो सचिवाजवळ गेला आणि त्याने विचारले, “हे वहीत लिहिणार का?” सचिव भला माणूस, त्याने विषयपत्रिका दाखवली आणि असा विषय त्यात नसल्याने इतिवृत्तात घेता येत नाही असे समजावले. नियमाने ते बरोबरच होते. त्याच्या जागी आम्ही असतो तर हेच सांगितले असते.

परत येताना गाडीत आम्ही त्यास म्हटले की आमच्या साहित्यसभेचे एक त्रैमासिक निघते, त्यात हे लिहितो, तुमच्या वडिलांचे नाव देतो. तो नको म्हणाला. “जिथं नाव खराब झालं तिथं घेतलंत, झालं. जिथं कोणी ओळखत नाही तिथं कशाला?” म्हणून या लेखात ते नाव नाही. प्लेटोच्या संवादातही मजुराचे नाव नाही, असे आम्ही वर जरा तोऱ्यात लिहिले. तेव्हा आमच्या लेखात ते का नाही याचे कारण देणे आवश्यक होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोचा उठवला ते चुकले काय? आज आम्हांला वाटते की उठवणे चुकले नाही, न विचारता उठवणे चुकले. दुरुस्ती ही चांगलीच गोष्ट आहे; खुणा जपण्याच्या नावाखाली जखमा उघड्या ठेवणे हा एक निराळा दंभ आहे. पण हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. ही खूण कशाची आहे? आणि ती आपल्या एकट्याची आहे काय? दुसऱ्याचा तीत वाटा असेल तर आधी त्यास विचारावे, आणि जे केले त्याची नोंद खालची अक्षरे वाचता येतील अशी ठेवावी. तिसरी गोष्टही आम्ही शिकलो, ती सुताराचीच. कोणते दबले आहे आणि कोणते तुटले आहे, हे ओळखावे. त्या माणसाचा खांदा तुटला होता, त्याच्या मुलीचे लग्न मोडले होते. ते टवके आहेत. आमच्या चार वाक्यांनी ते भरले असे म्हणणे हा त्याचा अपमान होईल. त्याचे नाव मात्र दबलेले होते. अठ्ठावन्न वर्षे एका खोट्या गोष्टीखाली ते चेपून होते, पण नाहीसे झाले नव्हते. ते थोडे वर आले असावे. किती आले, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही.

बंदुकीच्या परवान्याच्या फाइलीत आम्ही एक टीप लावली आहे. तीत ते नाव, वर्ष, हकिकत आणि पोचा कोणत्या तारखेस कोणी उठवला, हे लिहून खाली सही केली आहे. पुढे बंदूक मुलाकडे जावो की शासनाकडे, ती टीप तिच्यासोबत जाईल. टिपेची एक प्रत त्या टोल्यावर नेऊन दिली. त्यास वाचता येत नाही. नातवाने मोठ्याने वाचून दाखवली. त्याने ती घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.